घरच्या बागेत बियांपासून रानपॉपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत अंगणातल्या लाल पॉपी उमलल्या की येणारेजाणारे फाटकाशी थांबतात. त्यातले काही जण पुढच्या दिवाळीआधी बी मागायला येतात, आणि त्यांतले बरेचसे संक्रांतीला ‘काहीच उगवलं नाही हो’ म्हणत परत येतात. त्या सगळ्यांना तोंडी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी पुण्यात बाग करते, त्यामुळे वेळापत्रक देशावरच्या हिवाळ्याचं आहे. मुंबई-कोकणासाठी आणि परदेशातल्या मंडळींसाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

‘रानपॉपी’ म्हणजे नक्की कोणतं फूल?

युरोपातल्या गव्हाच्या शेतांत आपोआप उगवणारी लाल पॉपी. शास्त्रीय नाव पापाव्हर ऱ्हियास. तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी ते तण. जमीन नांगरली की उगवायचं, गव्हाबरोबर वाढायचं आणि कापणीच्या आत बी सांडून मोकळं व्हायचं, असा तिचा हजारो वर्षांचा क्रम आहे. इंग्रजीत तिला ‘कॉर्न पॉपी’ म्हणतात. त्यातलं ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, शेतातलं धान्य.

बाजारात ‘शर्ली पॉपी’ नावाने मिळते ती हिचीच लेक. १८८० मध्ये इंग्लंडमधल्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना बागेच्या पडीक कोपऱ्यातल्या रानपॉपींमध्ये एक वेगळं फूल दिसलं. लाल पाकळ्यांना पांढरी, अगदी बारीक किनार होती. त्यांनी त्या एकाच फुलाचं बी राखलं. पुढच्या वर्षी उगवलेल्या सुमारे दोनशे रोपांतल्या चार-पाच रोपांना तशी किनारीची फुलं आली. मग त्यांचं बी, मग त्यातल्या निवडक फुलांचं बी, असं ते वर्षानुवर्षं करत राहिले. त्यातून गुलाबी, पांढऱ्या, दुरंगी फुलांची एक जातकुळीच उभी राहिली, आणि मूळ रानफुलाच्या तळाशी असलेला काळा डाग तिच्यातून गेला. घरच्या बागेत, कुठलीही प्रयोगशाळा नसताना झालेलं हे काम आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

तिसरी, कॅलिफोर्निया पॉपी. केशरी-पिवळी, वेगळ्या कुळशाखेतली, नाव एशोल्झिया कॅलिफोर्निका. नवख्या माणसाने हिच्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. बी मोठं असतं, ऊन जास्त सोसते आणि पाण्याचा विसर पडला तरी रुसत नाही.

पॉपी लावणं बेकायदेशीर नाही ना?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारणारा माणूस शहाणा समजावा.

वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारच्या पॉपी शोभेसाठी लावायला हरकत नाही. बंदी आहे ती अफूच्या झाडावर, म्हणजे पापाव्हर सोम्निफेरम या जातीवर. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या, कलम ८ नुसार परवान्याशिवाय ही लागवड करता येत नाही. परवाने केंद्र सरकार देतं, तेही फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांत. मंदसौर, नीमच, चित्तोडगड हा त्यातला ओळखीचा भाग. महाराष्ट्रात आणि गोव्यात एकाही जिल्ह्याला अशी परवानगी नाही. ‘चारच रोपं होती’ किंवा ‘फुलासाठी लावली होती’ या सबबींवर विसंबू नका.

लाल रानपॉपीच्या चिकात मॉर्फीन नसतं. तिचं मुख्य द्रव्य ऱ्हियाडीन हे वेगळं आहे. तरीही तिचं पान किंवा बोंड तोंडात घालायचं नाही, आणि कुत्र्या-मांजरांनाही चघळू द्यायचं नाही.

पाकिटातलं बी नेमकं कोणत्या जातीचं हे कसं कळणार?

शास्त्रीय नाव छापलेलं नसेल तर पाकीट घेऊ नका. नुसतं ‘पॉपी मिक्स’ मला पुरत नाही. ‘पिओनी पॉपी’, ‘ब्रेडसीड पॉपी’, ‘लेट्यूस पॉपी’ ही सगळी सोम्निफेरमची गोंडस नावं आहेत. ऑनलाइन दुकानांत विदेशी फोटो लावून ती सर्रास विकली जातात, आणि विकायला ठेवलेली आहेत म्हणून लावायला चालतात असं होत नाही.

उगवल्यावरही ओळख पटते. रानपॉपीची पानं हिरवीगार, पिसासारखी कातरलेली, आणि देठांवर ताठ लव असते. हात फिरवला की खरखर लागते. अफूची पानं निळसर-राखी, गुळगुळीत, कोबीच्या पानावर असतो तशा मेणाच्या थराची, आणि पानाचा तळ खोडाला वेटाळून बसलेला. बोंडही मोठं, गोल. असं रोप दिसलं तर फुलाची वाट न पाहता मुळासकट उपटून टाका. माझ्याकडे एकदा एका पाकिटातून अशी दोन रोपं निघाली होती. वीतभर होण्याआधीच काढली आणि ते उरलेलं पाकीट पुन्हा वापरलं नाही.

स्वयंपाकघरातली खसखस पेरली तर?

पेरू नका. खसखस ही अफूच्याच झाडाची बी आहे. खायला मोकळीक आहे, लावायला नाही.

फराळाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यावरच बंदी आहे. आखातातल्या लेकाला किंवा जावयाला अनारसे पाठवायचे असतील तर खसखस न लावता करा. विमानतळावर दाणा दाणा तपासला जाऊ शकतो, आणि तिथे ‘आमच्याकडे घालतात’ एवढं उत्तर पुरत नाही.

बी कधी पेरायचं?

सगळी गोम इथेच आहे. पॉपी आपल्याकडे लावणाऱ्यांचं अपयश बहुतेक वेळा मातीचं किंवा बियांचं नसतं, तारखेचं असतं.

पॉपीला उगवायला साधारण १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. कोजागिरीच्या सुमारास आपल्याकडे ऑक्टोबर हीट असते, दुपारी ३२-३३ अंश. तेव्हा पेरलेलं बी एक तर निपचित पडून राहतं, नाही तर उगवून करपतं. वर परतीच्या पावसाची एखादी सर आली की बी वाहून कुंडीच्या कडेला गोळा होतं. म्हणून थांबायचं. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की पेरायचं. पुण्या-नाशकात हे सहसा नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतं. दिवाळी ऑक्टोबरात आली तर दिवाळीनंतर, नोव्हेंबरात आली तर फराळाच्या गडबडीतच.

दुसरी पेरणी पंधरा-वीस दिवसांनी करावी. डिसेंबर उजाडल्यावर मात्र नवीन पेरणी करू नये. रोपाला थंडीचे दोन महिने पानांचा झुबका धरायला हवेत. ते मिळाले नाहीत तर मार्चच्या उन्हात वीतभर उंचीवरच एखादं फूल देऊन ते संपतं. वेळेवर पेरलेल्या रोपांना जानेवारीच्या अखेरीस कळ्या दिसतात, फेब्रुवारीभर फुलं येतात आणि होळीपर्यंत खेळ आटोपतो. निफाड, महाबळेश्वर, पाचगणी अशा गार जागी राहणाऱ्यांचा हंगाम लांबतो, त्यांचा मला हेवा वाटतो. नागपूरकरांचा हिवाळाही पॉपीला चांगला मानवतो, फक्त तिथे फेब्रुवारीच्या शेवटी ऊन झपाट्याने चढतं म्हणून उशीर करू नये.

मुंबई, कोकण, गोव्यात येईल का?

खरं सांगायचं तर लाल रानपॉपी तिथे हट्टाने लावायची गोष्ट आहे. किनाऱ्यावर थंडीतही रात्री १६-१७ अंशांच्या फारशा खाली जात नाहीत आणि हवा दमट, त्यामुळे रोपं लुकडी वाढून भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, बळी पडतात. कॅलिफोर्निया पॉपीला वाऱ्याच्या गच्चीवर, बेताच्या पाण्यावर ठेवलं तर फुलं दिसू शकतात. नोव्हेंबरच्या अखेरीस पेरा आणि थोड्या फुलांवर समाधान माना. कोकणात ज्यांच्या अंगणात तेरडा आणि अबोली स्वतःहून येते, त्यांनी पॉपीसाठी जीव काढू नये असं मला मनापासून वाटतं.

जागा आणि माती कशी हवी?

सहा तास थेट ऊन. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दिशा नीट बघावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. उत्तरेच्या बाल्कनीत पॉपी होणार नाही.

मातीच्या बाबतीत तिचे लाड करायची गरज नाही. आपली काळी माती चुनखडीची असते, गुलाबाला ती त्रासदायक ठरते, पण पॉपीला चालते. अडचण आहे ती पाणी धरून ठेवण्याची. म्हणून वाफा चार बोटं उंच करा आणि वरच्या थरात बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. कुंडीसाठी मी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. नुसतं कोकोपीट नको. ते वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिकचिकीत ओलं राहतं.

कुंडी खोल हवी, निदान दहा-बारा इंच. पॉपीचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं.

पेरायचं कसं?

आधी बी हातावर घेऊन बघा. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. एका ग्रॅममध्ये हजारो दाणे भरतात. चिमूटभर बी कुंडीत टाकलं तरी शेकडो रोपं पडतात. म्हणून आधी बी कोरड्या, चाळलेल्या वाळूत मिसळायचं. चमचाभर वाळूला अगदी छोटी चिमूट. मग रांगोळी सोडतो तशी ती वाळू दोन बोटांतून मातीवर सोडायची. रांगोळीचा हात असेल त्याला हे पहिल्यांदाच जमतं. वाळूच्या फिकट रंगामुळे कुठे पडलं, कुठे राहिलं हेही दिसतं.

आता महत्त्वाचं. वरून माती ओढायची नाही. लाल पॉपीच्या बियांना उगवायला उजेड लागतो. जमिनीत गाडलेलं बी मरत नाही, ते झोपून राहतं, कित्येक दशकं राहू शकतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी जमीन उलथीपालथी झाली, खालचं बी वर उजेडात आलं आणि उद्ध्वस्त माळांवर लाल पॉपी दाटून आल्या. पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं चिन्ह म्हणून ब्रिटन, कॅनडासारख्या देशांतली माणसं आजही नोव्हेंबरात तिचं कृत्रिम फूल छातीवर लावतात. आपण बागेत नेमकं उलट करतो, सवयीने अर्धा इंच माती लोटतो आणि पुढे महिनाभर वाट पाहत बसतो.

बी पसरल्यावर एखादी फळी किंवा तळहात हलक्या हाताने दाबायचा, म्हणजे दाणा मातीला चिकटतो. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने. माझी पद्धत अशी की कुंडी आदल्या दिवशी भरपूर भिजवून ठेवते आणि पेरल्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ फक्त धुकं पडल्यासारखा फवारा मारते. कुंडी लहान असेल तर पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या.

कॅलिफोर्निया पॉपीचं बी मोठं असतं, त्यावर दोन-तीन मिलिमीटर माती चालते.

आधी ट्रेमध्ये रोपं करून मग लावली तर?

झेंडू, शेवंतीची सवय असलेल्या प्रत्येकाला असंच वाटतं. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. ट्रेमध्ये सुंदर उगवली, मी ती दोन पानांवर असताना अलगद उचलून कुंड्यांत लावली, आणि आठवड्यात बहुतेक सगळी माना टाकून गेली. सोटमूळ दुखावलेलं पॉपीला सोसत नाही. जिथे फुलायचं तिथेच पेरावं. अगदीच गरज असेल तर कागदाच्या पुंगळीत दोन-तीन दाणे टाकून, पुंगळीसकट ती मातीत बसवावी.

बी फ्रीजमध्ये ठेवावं लागतं का?

रानपॉपीसाठी सक्ती नाही. आपल्या नोव्हेंबरच्या रात्री पुरेशा असतात. उगवण कमी वाटली तर ओलसर वाळूत मिसळलेलं बी डबीत घालून आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवून पेरून बघा, काही वेळा फरक पडतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र ओलं बी ठेवू नका.

पंधरा दिवस झाले, काहीच दिसत नाही.

थांबा. गारव्यात आठ ते पंधरा दिवसांत उगवतं, क्वचित तीन-चार आठवडेही लागतात. पहिली दोन पानं इतकी बारीक असतात की चष्मा लावून, खाली वाकून बघावं लागतं.

महिन्यानंतरही नसेल तर कारण सहसा तीनांपैकी एक असतं. बी खोल गेलं, वरचा थर एक दिवस पूर्ण सुकला, किंवा मुंग्यांनी बी पळवलं. मुंग्यांची रांग असेल तर कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. नोव्हेंबर संपला नसेल तर पुन्हा पेरा, बी उरलेलं असतंच.

विरळणी केलीच पाहिजे का? उपटवत नाही.

केलीच पाहिजे. एवढ्याशा सुंदर रोपांना हात लावायला कुणालाच होत नाही, पण दाट राहिलेल्या पॉपी एकमेकींना उपाशी मारतात. मग पिवळ्या काड्यांचं जंगल आणि टिकलीएवढी फुलं. रोपं दोन बोटं उंच झाली की पहिल्यांदा, आणि पंधरवड्याने दुसऱ्यांदा विरळणी करा. जमिनीत दोन रोपांत शेवटी वीतभर अंतर हवं, बारा इंची कुंडीत तीन, फार तर चार रोपं. उपटू नका, शेजारणीचं मूळ हलतं. लहान कात्रीने मातीलगत कापा.

माझ्या बागेतली सगळ्यांत चांगली फुलं नेहमी वाफ्याच्या कडेला, एकट्या पडलेल्या रोपाला येतात. त्याला पंधरा-वीस कळ्या सहज लागतात.

पाणी आणि खत किती?

रोप चार-पाच पानांवर येईपर्यंत ओल टिकवा, नंतर वरची माती सुकल्यावरच द्या. सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. खत वेगळं देऊ नका. युरिया किंवा ताजं शेणखत दिलं तर कोबीसारखी पानं होतात आणि फुलं रुसतात. गांडूळखताची एक मूठ जानेवारीत दिलीत तर पुरे, ती न देऊनही चालतं.

कीड-रोग?

रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडली तर ती मर. पाणी जास्त झालं आणि हवा खेळत नाही असा त्याचा अर्थ. गेलेली काढा, पाणी थांबवा, उरलेल्यांना ऊन द्या. जानेवारीत कळ्यांच्या मानेवर काळा मावा येतो, तो बोटांनी पुसून काढता येतो किंवा संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा. फुलं उघडी असताना कुठलाही फवारा मारू नका, माश्या येत असतात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, त्याला दुसरा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

कळ्या माना खाली घालून आहेत. पाणी कमी पडतंय का?

नाही, आणि कृपा करून जास्तीचं पाणी घालू नका! पॉपीची कळी अशीच असते. लवयुक्त दोन हिरव्या कवचांत मिटलेली, देठ वाकवून जमिनीकडे बघणारी. उमलायच्या आदल्या दिवशी देठ हळूहळू सरळ होतो. पहाटे कवचाला फट पडते, आतलं लाल दिसतं, आणि थोड्या वेळात दोन्ही कवचं गळून पडतात. पाकळ्या घडी करून डब्यात कोंबलेल्या रेशमी ओढणीसारख्या चुरगळलेल्या निघतात आणि उन्हाबरोबर ताणून सरळ होतात. हे एकदा सकाळी चहा घेऊन जवळ बसून बघा. मी दरवर्षी बघते.

फूल दोनच दिवस टिकतं?

दोन दिवस पुष्कळ झाले. वारा असेल तर एकच. पण निरोगी रोप रोज नवी कळी देत महिनाभर चालतं, त्यामुळे वाफा रिकामा दिसत नाही. बोंडं धरू दिली नाहीत, सुकलेली फुलं खुडत गेलं, तर बहर आणखी लांबतो.

फुलदाणीत ठेवायचं तर कळी नुकती फाटून रंग दिसायला लागली की पहाटे कापा आणि देठाचं टोक मेणबत्तीवर क्षणभर धरा. चीक वाहणं थांबतं आणि फूल दोन-तीन दिवस राहतं. हार-वेणीसाठी हे फूल नाही, हाताळलं की पाकळी गळते.

मधमाश्या येतात का?

येतात, आणि फार सकाळी येतात. पॉपीत मध नसतो, पण पराग अमाप. सूर्य वर आला की सातेरी आणि फुलोरी माश्या पुंकेसरांत लोळत असतात, आणि त्यांच्या पायांवर काळसर परागाच्या गोळ्या दिसतात. दहा-अकरापर्यंत दुकान रिकामं. भोपळा, काकडी जवळ लावलेली असेल तर त्यांनाही माश्यांचा फायदा होतो.

रस्त्याकडेला उगवतो तो पिवळा धोत्रा पॉपीच ना?

अगदी बरोबर ओळखलंत, तो पॉपीच्याच कुळातला. मूळचा मेक्सिकोकडचा, नाव आर्जेमोन मेक्सिकाना, तोडला की पिवळा चीक येतो. पानं काटेरी, फूल खरोखर सुंदर, तलम पिवळं. पण बागेत आणू नका. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि तेल विषारी असतं. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलातून ते पोटात गेलं, लोकांचे पाय सुजले, हृदय निकामी झालं आणि साठाहून अधिक माणसं दगावली. नावात धोत्रा असला तरी शंकराला वाहतो त्या धोत्र्याशी त्याचं काही नातं नाही.

उरलेलं बी टेकडीवर टाकून यावं म्हणते. छान दिसेल ना?

दिसेल छान, पण टाकू नका. रानपॉपी युरोपात रानफूल आहे, आपल्याकडे पाहुणी. पिवळा-केशरी कॉसमॉस असाच कुणीतरी हौसेने आणला आणि आज पुण्याच्या टेकड्यांवर, महामार्गांच्या कडेला तो माजलेला आपण बघतो. त्याच्याखाली आपली स्थानिक रोपं दबतात. सड्यावरची सीतेची आसवं, सोनकी, तेरडा यांना स्वतःची जागा लागते. कास पठारावर किंवा पावसाळ्यातल्या ‘सीड बॉल’ उपक्रमात तर कुठल्याही बाहेरच्या फुलाचं बी जाऊच नये. आपली पॉपी आपल्या कुंपणाच्या आत ठेवा.

हिमालयातली निळी पॉपी इथे येईल का?

नाही. तिला उन्हाळाही गार लागतो. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’च्या ट्रेकला गेलात की डोळे भरून बघा.

मुलगी कॅलिफोर्नियात आहे. तिने तिकडून बी पाठवलं तर?

नको. परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तसा नियम आहे. इथलं चांगलं बी इथेच मिळतं.

तिलाच तिच्या अंगणात लावायला सांगा. केशरी पॉपी हे १९०३ पासून कॅलिफोर्नियाचं राज्यफूल आहे आणि तिथे ती खऱ्या अर्थाने घरची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिल्या पावसाच्या आधी बी फेकून द्यायचं. बाकीचं पाऊस बघतो. मार्च-एप्रिलमध्ये लँकॅस्टरजवळच्या अँटेलोप व्हॅलीत डोंगरउतार केशरी होतात. तिथे गेल्यावर पायवाट सोडू नये. २०१९ च्या बहरात लेक एल्सिनोरजवळ फोटोंसाठी लोटलेल्या गर्दीने बरीच फुलं तुडवली होती. इंग्लंडमधल्या मंडळींनी लाल पॉपी सप्टेंबरात किंवा मार्च-एप्रिलमध्ये पेरावी, तिथे आपल्यासारखी तारखेची कसरत नाही.

पुढच्या वर्षासाठी बी कसं धरायचं?

सगळ्यांत आधी, किमान तीन-चार रोपं एका वेळी फुलायला हवीत. लाल रानपॉपीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो. एकुलत्या एका रोपाची बोंडं बाहेरून भरदार दिसतात आणि आत पोकळ निघतात.

बहर ओसरू लागला की खुडणं थांबवा. बोंड हिरव्याचं तपकिरी होतं, झाकणाखाली गोल खिडक्या उघडतात आणि हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. त्या दिवशी देठासकट कापून, कागदी पिशवीत उलटं झटकायचं. एका बोंडातून हजाराच्या वर दाणे पडतात, त्यामुळे चार बोंडं सगळ्या आळीला पुरतात. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पुडीत घाला, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि बरणीच्या तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ. आपल्याकडे बियाण्याचा खरा शत्रू पावसाळ्याची दमट हवा आहे. असं ठेवलेलं बी तीन-चार वर्षं सहज उगवतं. पुडीवर वर्ष लिहा.

रंग निवडायचा असेल तर विल्क्स यांचीच रीत. आवडत्या फुलाच्या देठाला फूल असतानाच रंगीत दोरा बांधा, कारण बोंडं सगळी सारखीच दिसतात. नको असलेल्या रंगाची रोपं पहिलं फूल दिसताच काढा, नाही तर माश्या पराग इकडचा तिकडे नेणारच. मी तीन वर्षांपूर्वी एका फिकट गुलाबी, पांढऱ्या किनारीच्या फुलाला निळा दोरा बांधला होता. गेल्या फेब्रुवारीत त्या ओळीतली सात रोपं तशीच फुलली, बाकीची अजून लालच आहेत.